आईची वृत्ती: नकार

"सही मी कशी करू बाय? पोर माजी नाय."

लखमी हे इतक्या सरळ सुरात म्हणाली की मी पेनचं टोपण काढून तशीच बसून राहिले. चिंचणीत समुद्राच्या अंगाला तिचं घर. दारापुढे बांबूंना दोऱ्या ताणून बोंबील वाळत घातलेले. मी सकाळी बोईसरला उतरून एसटीने आले होते. काम साधं होतं. एका कागदावर आईची सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि दुपारच्या गाडीने परत फिरायचं.

"मग कोणाची आहे पोर?"

"सोनाबायची. तिनं इकत घेतली. सही तिला इचारा."

खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटलं होतं. माझ्या फायलीत जे लिहिलं होतं तेच ही बाई पुन्हा स्वतःच्या तोंडाने बोलत होती. आता आमच्या विभागाचे डॉक्टरसाहेब मला काही विचारणार नव्हते.

फायलीत काय होतं ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

मी सायकिॲट्रिक सोशल वर्कर होते. म्हणजे डॉक्टर मुलाला तपासतात आणि मी त्याचं घर तपासते. आईबापांना प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची, त्याला आम्ही हिस्टरी म्हणतो. मुंबईच्या एका हॉस्पिटलात मुलांच्या मनाच्या आजारांचा विभाग होता, तिथे मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. महिन्यातून एकदा आमचा कॅम्प पालघरला असे. ही साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि लखमीचा नवरा दामू तिथे मजुरीला लागला होता. साइटवरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला आमच्याकडे चिठ्ठी दिली. चिठ्ठीत एकच ओळ होती: मुलगी सात वर्षांची, बोलत नाही, बघून घ्यावे.

तेव्हा न बोलणाऱ्या मुलांसाठी सरकारदरबारी तीन खाती होती. बहिरं-मुकं, मतिमंद, नाहीतर वेडं. मूल कुठल्यातरी खात्यात बसवायचंच, कारण त्याशिवाय शाळा नाही, संस्था नाही, काहीच नाही. ही मुलगी कुठे बसेना. बहिरी म्हणावी तर कॅम्पच्या खोलीबाहेर कोणीतरी कागदाची पुडी सोडली आणि हिने मान वळवली. मात्र मी हाक मारली तर ढिम्म. मतिमंद म्हणावी तर लाकडी पाटीत गोल, चौकोन, चांदणी बसवायची आमची एक परीक्षा असते, ती हिने मी घड्याळ लावायच्या आत संपवली आणि सगळे तुकडे काढून पुन्हा पहिल्यापासून बसवले. पुन्हा काढले, पुन्हा बसवले. पाटी काढून घेतली तेव्हा असा टाहो फोडला की बाकावरची माणसं उठून दारात आली.

चौथं खातं आमचे साहेब लंडनहून घेऊन आले होते: बालपणीचा स्किझोफ्रेनिया. आज आपण ज्याला ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो ना, ती बरीच मुलं तेव्हा ह्या खात्यात जात. ऑटिझम हा शब्द होता, पण तो स्किझोफ्रेनियाच्या पोटात कुठेतरी. त्याला वेगळी खुर्ची मिळाली नव्हती. आणि ह्या आजाराचं कारण त्या काळी बऱ्याच बड्या लोकांनी ठरवून टाकलेलं होतं. कारण आई. आई थंड असते, तिला मूल नको असतं, ते मुलाला कळतं आणि मूल आत मिटून जातं.

आमच्या फॉर्ममध्ये म्हणूनच चौदावा रकाना होता, 'आईची वृत्ती'. त्यात तीन पर्याय: स्वीकार, अतिकाळजी, नकार. एकावर बरोबरची खूण करायची.

मी नकारावर केली. का केली तेही ऐका. कॅम्पमध्ये लखमी मुलीपासून हातभर लांब बसली होती. तासाभरात एकदाही तिला जवळ घेतलं नाही, केसांवरून हात फिरवला नाही. मी आपली सहज म्हणाले, "किती गोड आहे हो तुमची मुलगी." ती झटकन म्हणाली, "कसली गोड. दगड हाय नुसती." मी लिहून घेतलं: आई मुलीला दगड म्हणते. मग जन्माच्या वेळची हकिकत विचारली. ती म्हणाली, "झाली तशी उकिरड्यावर टाकली. सोनाबायनं सूपभर कोंड्याला इकत घेतली." हे मी इंग्रजीत उतरवलं: जन्मतः आईने मुलीला कचऱ्याच्या ढिगावर टाकले, नंतर शेजारणीला विकले.

वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. मला नाही आलं. आधीची दोन मुलं जगली नाहीत, हे लखमीने पहिल्या पानावर सांगितलं होतं. उकिरडा तिसऱ्या पानावर आला. त्या दोन पानांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे विचारणारा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. आणि सगळ्यात वर, नावाच्या जागी, मीच माझ्या हाताने लिहिलं होतं: दगडी दामू.

साहेब हिस्टरी वाचून खूश झाले. परदेशी पुस्तकांतल्या थंड आया म्हणजे शिकलेल्या, बड्या घरच्या बायका. इथे पाटी डोक्यावर घेऊन मच्छी विकणारी आई सापडली होती. साहेबांना एका परिषदेत पेपर वाचायचा होता, त्यात ही केस पहिली घालायची ठरली. उपचारही ठरला. आजार आईमुळे, तर मूल आईपासून तोडा. मुंबईतल्या एका संस्थेत जागा रिकामी झाली होती. सोमवारपर्यंत पालकांची सही आणली तर जागा आपली. पहिलं एक वर्ष आईने भेटायचं नाही, अशी अट होती.

ती सही आणायला मी चिंचणीत बसले होते.

दामूला आदल्या आठवड्यात विचारलं होतं. तो म्हणाला, पोरीचं मी काय जाणू, तिच्या आईला इचारा. आई म्हणत होती सोनाबायला विचारा. मी म्हटलं चला, विकत घेणाऱ्या बाईचा अंगठा घेऊ. कायद्यात तो चालेल की नाही ते साहेब बघतील.

सोनाबाय चार घरं सोडून राहत होती. साठी उलटलेली, वस्तीतली सुईण. लखमीही माझ्या मागोमाग आली आणि दाराशी टेकून उभी राहिली. दगडी दिसत नव्हती. मी कागद पुढे केला आणि मुलीला मुंबईच्या संस्थेत ठेवायचं आहे, वर्षभर भेट नाही, असं सांगितलं.

सोनाबायने कागदाकडे पाहिलंच नाही. "कोन म्हनतो?"

"आमचे डॉक्टर. आईला ही मुलगी नको आहे, म्हणून ती आजारी झाली, असं त्यांचं म्हणणं."

"कोनाला नको?"

"लखमीबाईंना. त्यांनीच जन्मल्यावर तिला उकिरड्यावर टाकलं ना? त्यांनीच सांगितलंय मला."

सोनाबाय माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच विचारलं, "तू कुटली गो?"

"दादरची."

"आनि तुझी आई?"

"ती संगमेश्वरची."

"मग तुमच्यात दगडू-धोंडू नाय ठेवीत?"

पुढे केलेला कागद मी मागे घेतला. माझे सख्खे मामा धोंडूमामा. आजीची तीन मुलं गेली त्यांच्या पाठीवरचे. त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं होतं, कुळवाड्याच्या बायकोने उचलून आणून दिलं, ही गोष्ट मी लहानपणी पन्नास वेळा ऐकलेली. मूल जगत नसेल तर ते आपलं नाही, टाकून दिलेलं आहे, फुकटातलं आहे, असं दाखवायचं. घाणेरडं नाव ठेवायचं. चारचौघांत कौतुक करायचं नाही. म्हणजे नेणाऱ्याचं लक्ष जात नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते मला घरी ठाऊक होतं. ऑफिसात आलं, इंग्रजीत लिहिलं, आणि त्याचा गुन्हा झाला.

"दोन गेली हिची," सोनाबाय सांगू लागली. "एक सवा म्हैन्याचा, एक वर्साची. ही झाली तवा ही लखमी उटून बसत नव्हती, पन म्हनते मावशी, टाक आदी. मी सुपात घातली, उकिरड्यावर ठेवली, सात पावलं चालली, परत फिरली, उचलली. कोंडा दिला. तवापासनं माजी. दिवाळीला परकर मी शिवते. हिनं नुसती वाडवली."

 लखमी दाराशी पदर तोंडाशी धरून उभी होती. ह्या बाईला मी कॅम्पमध्ये तासभर समोर बसवून घेतलं होतं, आणि एकदाही तिला 'का' असं विचारलं नव्हतं.

मग सोनाबाय आणखी एक बोलली. तिच्या दृष्टीने ते काही विशेष नव्हतं.

"तसं त्या दिशीच मला कळलं, ही पोर येगळी. सुपात ठेवली तवा गप. उकिरड्यावर ठेवली, गप. मी उचलून उराशी धरली आनि ही रडाय लागली. खाली ठेवली का गप. मी येवडी पोरं काडली, पोर उचलल्यावर गप व्हतं. ही उलटी."

मी पेनचं टोपण पुन्हा काढलं. "पुढेही तशीच?"

"अंगावर पाजताना बी अंग ताठ करायची," लखमी पहिल्यांदाच आपणहून बोलली. "पाठचे दोन पोरगे हायत, ते नाय तसे. ते चिकटून असतात."

आमच्या थिअरीप्रमाणे आधी आईचा नकार आणि मग मुलीचं मिटणं. इथे मुलगी पहिल्या तासापासून तशी होती. त्याच आईचे पाठचे दोन मुलगे धडधाकट, बडबडे. ज्या उकिरड्याला मी आजाराचं कारण म्हणून लिहिलं होतं, तोच उकिरडा आता उलटी साक्ष देत होता.

"कॅम्पमध्ये तुम्ही तिला जवळ का नाही घेतलं?" मी लखमीला विचारलं. हा प्रश्न महिन्यापूर्वी विचारायचा होता.

"लोकांत घेतली का वरडते. तोंडाकडं बगितलं तरी तिला भ्या वाटतं. पाठ चालते."

पाठ चालते म्हणजे काय ते मला कळलं नाही. लखमी म्हणाली, चला. तिच्या घरामागे सावलीत दगडी बसली होती. बोंबील वाळत घालताना दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती दोरीवर टाकतात. दगडी जोड्या करत होती. लांबीला लांबी लावून, एकही मोठा-छोटा नाही. लखमी गेली, मुलीकडे न बघता बोंबलांची पाटी नेहमीच्या जागी ठेवली, आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसली. हाक नाही, काही नाही. मिनिटभराने दगडी सरकत सरकत मागे आली आणि आपली पाठ आईच्या पाठीला टेकवली. दोघी दोन दिशांना तोंडं करून काम करत राहिल्या. मुलगी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती.

"हे कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"कोन शिकवील? दोन वर्सं लागली मला समजाय."

मला तिथे रडू आलं. सोशल वर्करने क्लायंटपुढे रडू नये असं शिकवलेलं असतं. मी बोंबलांचा वास नाकात गेल्याचं निमित्त केलं. दुपारची गाडी चुकली. सहीचा कागद कोराच परत आणला.

सोमवारी साहेबांपुढे उभी राहिले.

साहेब मूळचे लाहोरचे. फाळणीत सगळं सोडून आलेले, मग लंडनला शिकलेले. हुशार माणूस, कामाला वाघ, पण आपलं म्हणणं सहजी सोडणाऱ्यातले नव्हेत. बोलणं इंग्रजीत, मधूनच हिंदी.

"कन्सेंट कुठे आहे?"

"आणली नाही, सर. हिस्टरी चुकली आहे. माझी चूक आहे."

"म्हणजे तिने मुलीला कचऱ्यावर टाकलं नव्हतं?"

"टाकलं होतं."

"विकलं नव्हतं?"

"विकलंही होतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग चूक कशात आहे?"

मी उकिरडा, सूप, कोंडा, नाव, सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी शेवटी म्हणाले, "माझ्या मामांचं नाव धोंडू आहे सर. दगड. तरी मला कळलं नाही."

साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले. मग हिंदीत म्हणाले, "मेरे तायाजी का नाम घसीटामल था."

तायाजी म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या आधीची भावंडं गेली होती, म्हणून जन्मल्यावर त्यांना जमिनीवरून घसटत नेलं होतं. म्हणून घसीटा. साहेबांच्या आजीचा त्यांच्यावर इतका जीव होता की ते पन्नाशीचे होईपर्यंत ती त्यांना स्वतः वाढून जेवायला घालायची. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, हा निकम्मा माझ्या गळ्यात पडलाय.

 दोन शिकलेली माणसं. एकाच्या घरी घसीटा, दुसरीच्या घरी धोंडू, आणि दोघांनी मिळून एका आईला गुन्हेगार ठरवलं होतं.

पण साहेब ते साहेबच. चष्मा लावला आणि म्हणाले, "ठीक आहे. नकार खोडू. पण सुईण सांगते ते प्रूफ होत नाही. सात वर्षांपूर्वीचं बाळ कधी रडलं हे कोण खात्रीने सांगणार?"

"कोणी नाही, सर. पण आपण लिहिलं होतं तेही प्रूफ नव्हतं."

मी असं बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. साहेब रागावतील अशी भीती होती. ते रागावले नाहीत. फाईल पुढे ओढली.

"मग लिहायचं काय? बहिरी नाही. मतिमंद नाही. वेड म्हणावं तर वेड लागायला आधी शहाणं असावं लागतं, आणि ही पहिल्या दिवसापासून अशी. तुम्ही सांगा, मॅडम, कुठल्या खात्यात घालू?"

"खातं नसेल तर?"

"सरकारातून फॉर्म परत येईल."

"येऊ दे, सर. पण मुलगी घरी राहील."

साहेबांनी निदानाच्या रकान्यातला बालपणीचा स्किझोफ्रेनिया एका रेघेने खोडला. वर बारीक अक्षरात लिहिलं: जन्मापासूनची वाढीतली वेगळी अवस्था. मग कारणाच्या रकान्यात 'आई' खोडून लिहिलं: माहीत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं प्रामाणिक निदान मी फार थोड्या वेळा पाहिलं. फॉर्म दोनदा परत आला. दोन्ही वेळा साहेबांनी तो तसाच पाठवला. संस्थेतली जागा दुसऱ्या मुलाला गेली.

पेपर त्यांनी तरीही वाचला, ही केस वगळून. थिअरी एका दिवसात सुटत नाही. पण पंधरा दिवसांनी मला बोलावून म्हणाले, नकाराची खूण असलेल्या बाकीच्या फायली काढा आणि घरी जाऊन या. मी गेले. काही घरी खरोखरच हाल होते, तेही सांगायला हवं. पण बहुतेक ठिकाणी आया दमलेल्या होत्या, घाबरलेल्या होत्या, चारचौघांत कमी बोलणाऱ्या होत्या. एक मूल मात्र आधीच संस्थेत गेलेलं होतं. त्याच्या आईला मी भेटले तेव्हा तिने मला एकच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे नाही ना?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग दीड वर्षं कोणी सांगितलं का नाही?" 

पुढे आजाराची नावं बदलली, खाती बदलली. ऑटिझमला स्वतःची खुर्ची मिळाली, ती खुर्चीही नंतर दोन-चारदा हलवली. चौदावा रकाना तर गेलाच. लोक म्हणतात शास्त्र पुढे गेलं. गेलं खरंच. माझ्यापुरतं ते चिंचणीच्या एका उकिरड्यावरून गेलं, एवढं मला माहीत आहे.

त्या सोमवारच्या पुढच्या महिन्यात पालघरचा कॅम्प आटोपून मी मुद्दाम चिंचणीला गेले होते. लखमीला सांगितलं, मुलगी कुठेही जाणार नाही. तिने ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा मच्छी साफ करायला लागली. तिच्या पाठीला पाठ लावून दगडी बसली होती. जाताना काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि ह्या वेळी नीट विचार करून, मी म्हणाले, "लखमीबाई, अगदीच दगड आहे हो ही पोर. कशी सांभाळता कोण जाणे."

लखमीने वर पाहिलं. मला भेटल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. "काय करनार बाय," ती म्हणाली, "सोनाबायची हाय. टाकवत नाय."

परत येऊन मी आमच्या फायलीतला हिस्टरीचा फॉर्म पुरा केला. चौदाव्या रकान्यात तिन्ही पर्यायांवर काट मारली आणि खाली जुनंच वाक्य पुन्हा लिहिलं: आई मुलीला दगड म्हणते. त्याखाली एक ओळ वाढवली: याचा अर्थ घरी जाऊन विचारावा.